हुतुतू ते कबड्डी : हौशी मैदानावरील नियमांचा आणि वर्तणुकीचा इतिहास

सार्वजनिक गणेशोत्सव आणि मैदानी खेळ यांचे नाते जुने आहे. १८९३ पासून पुण्यात हा उत्सव सार्वजनिक स्वरूपात रुजू लागला. त्याच्याबरोबर मेळे आले, व्याख्याने आली, आणि मिरवणुकीच्या पुढे लेझीम, दांडपट्टा खेळणारी तालमीतील मंडळीही आली. मंडळ म्हटले की मूर्ती, आरास, आरती, महाप्रसाद आणि सामने हे सगळे ओघाने आलेच. महाराष्ट्राबाहेर पडलेल्या मराठी माणसाने आपल्याबरोबर हा सारा संसार नेला. सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा आणि आपली बमरोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेल्या कुटुंबांनी तो जपला आहे.

या सामन्यांत उतरणारा खेळाडू कोण असतो, हे एकदा नीट पाहावे. तो शाळकरी मुलगा असतोच असे नाही. पुष्कळदा तो मागावर बारा तास उभा राहणारा, डाईंग-प्रिंटिंग मिलमध्ये राबणारा, एखाद्या दुकानात किंवा कारखान्याच्या कचेरीत बसणारा पंचविशी-चाळिशीतला गृहस्थ असतो. त्याला कोणी खेळण्याचे पैसे देत नाही. त्याला खांदा निखळला तर मात्र पगार बुडतो, कारण मीटरवर मजुरी मिळवणाऱ्याला आजारपणाची रजा नसते. म्हणून हौशी खेळातील नियम आणि वर्तणूक हा विषय वरवर किरकोळ वाटला तरी आपल्यासारख्या वस्तीत तो चुलीपर्यंत पोहोचतो. हे नियम आले कुठून, कोणी केले, कशासाठी केले, याचा थोडा इतिहास येथे मांडतो. त्यातील एक महत्त्वाचे पान आपल्या गुजरातेतच लिहिले गेले आहे, हे वाचून अनेकांना आनंद होईल.

नियमांच्या आधीचा खेळ

हुतुतू हा खेळ नेमका कधी सुरू झाला हे शोधण्याच्या फंदात पडण्यात अर्थ नाही. चक्रव्यूहात शिरलेल्या अभिमन्यूशी त्याचा संबंध जोडण्याची हौस पुष्कळांना असते. ती उपमा म्हणून सुंदर आहे, पुरावा म्हणून नाही. एवढे मात्र खरे की भारतात जवळजवळ सर्वत्र हा खेळ वेगवेगळ्या नावांनी खेळला जात होता. महाराष्ट्रात आणि गुजरातेत हुतुतू, बंगालकडे हाडुडू, दक्षिणेत चेडुगुडू, उत्तरेत कबड्डी. नाव वेगळे, दमाचा उच्चार वेगळा, आणि खरी अडचण अशी की नियमही वेगळे.

जुन्या जाणकारांनी या खेळाचे तीन मुख्य प्रकार सांगितले आहेत. पहिला संजीवनी. यात प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला आधी बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होऊन मैदानात येतो. दुसरा गामिनी. यात बाद झालेला गडी बाहेरच बसतो, आणि समोरचा सगळा संघ बाद होईपर्यंत डाव चालतो. तिसरा अमर. यात स्पर्श झालेला गडी मैदान सोडतच नाही, फक्त गुण मोजला जातो.

आता कल्पना करा, एका गावाचा संघ संजीवनी खेळणारा आणि दुसऱ्या गावाचा गामिनी खेळणारा. यात्रेच्या दिवशी दोघे समोरासमोर आले. पहिला गडी बाद झाला, मग दुसऱ्या बाजूचा एक बाद झाला, आणि आधीचा उठून मैदानात येऊ लागला. समोरचे ओरडणार, ‘हा कसा आला?’ याचे म्हणणे, ‘आमच्याकडे असेच असते.’ दोघेही आपापल्या जागी खरे बोलत आहेत, आणि तरीही आता भांडण होणार. हौशी खेळातील बहुतेक तंट्यांचे मूळ इथे आहे. लबाडी करणारे थोडे असतात. एकाच मैदानावर दोन नियमावल्या उतरल्या की सज्जन माणसेही हमरीतुमरीवर येतात.

बडोद्याचा पुढाकार

विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्या-मुंबईकडील शिक्षित मंडळींना ही अडचण जाणवू लागली. क्रिकेट, टेनिस हे इंग्रजी खेळ छापील नियमांसह आले होते. त्यांचे नियम पुण्यात तेच, मुंबईत तेच आणि कराचीतही तेच. आपले खेळ मात्र गावाची वेस ओलांडली की बदलत. देशी खेळांना मान मिळवून द्यायचा तर आधी त्यांना शिस्त हवी, हा विचार त्या काळच्या राष्ट्रीय भावनेशी जुळणारा होता. पुण्यात १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधण्याचे काम सुरू झाले. हुतुतूचे नियम एकत्र करण्याचे प्रयत्नही महाराष्ट्रात पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे होऊ लागले.

या प्रयत्नांना पक्के रूप आले ते बडोद्यात. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने हुतुतूचे नियम प्रसिद्ध केले आणि त्याच नियमांनी अखिल भारतीय सामने भरवले. आज आपण दूरचित्रवाणीवर जी कबड्डी पाहतो, तिच्या वंशावळीत हे वर्ष फार वरच्या जागी येते.

बडोदाच का, याचे उत्तर बडोद्याच्या तेव्हाच्या स्वभावात आहे. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८७५ ते १९३९ या दीर्घ कारकिर्दीत सक्तीचे प्राथमिक शिक्षण, ग्रंथालये, कायदे अशा प्रत्येक बाबतीत लिहून ठेवण्याची आणि लिहिल्याप्रमाणे वागण्याची सवय आपल्या संस्थानाला लावली. त्याच शहरात प्रोफेसर माणिकरावांचे जुम्मादादा व्यायाम मंदिर होते. कवायतीच्या इंग्रजी आज्ञांच्या जागी हिंदी आज्ञा रूढ करण्याचे श्रेय माणिकरावांना दिले जाते. ते निखळलेली हाडे बसवण्यातही निष्णात होते. व्यायामशाळा चालवणाऱ्यालाच हाडे बसवावी लागतात, ही गोष्ट खेळाच्या नियमांबद्दल पुष्कळ काही सांगून जाते. पुढे याच बडोद्यातून आबासाहेब मुजुमदार यांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत सिद्ध केला. कुस्ती, मल्लखांब, लाठी, आट्यापाट्या, हुतुतू असे आपल्या मातीतले ज्ञान एका जागी आणणारे ते प्रचंड काम होते.

आपल्यापैकी जे गावी जाताना उधन्याहून भुसावळच्या गाडीत बसतात त्यांना व्यारा आणि सोनगड ही स्थानके ओळखीची आहेत. हा सारा मुलूख बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात होता, आणि सोनगड तर गायकवाडांच्या सत्तेचे पहिले ठाणे. म्हणजे हुतुतूचे छापील नियम ज्या राज्यात जन्मले त्या राज्याची हद्द बमरोलीपासून फार लांब नव्हती. गुजरातेत आलेला मराठी माणूस आपला खेळ येथे घेऊन आला असे आपण म्हणतो. पण त्या खेळाला शिस्त लावण्याच्या कामात गुजरातच्या भूमीचाही हात आहे.

हुतुतूची कबड्डी झाली

यानंतरचा प्रवास भराभर सांगता येईल. १९३० च्या दशकात अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने देशी खेळांच्या नियमांना नीटस रूप दिले. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडा सामन्यांत या खेळाला स्थान मिळाले. १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि १९५२ मध्ये पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मद्रास येथे झाली. महिलांची स्पर्धाही त्याच दशकात सुरू झाली.

राष्ट्रीय पातळीवर नाव ठरले ते ‘कबड्डी’. महाराष्ट्राने नियमांसाठी इतका घाम गाळला होता, तरी त्याचे ‘हुतुतू’ हे नाव मागे पडले. दमाचा शब्दही बदलला. पिढ्यान् पिढ्या ‘हुतुतूतू’ म्हणत चढाई करणाऱ्या जिभांना ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणण्याची सवय लावावी लागली. बंगाल्याने हाडुडू सोडले, तमिळ माणसाने चेडुगुडू सोडले आणि मराठी माणसाने हुतुतू. प्रत्येकाने थोडे सोडले म्हणून सगळ्यांचा एक खेळ झाला. नियम एक करणे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

१९७० च्या दशकात नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय संघटनेच्या नावात ‘हौशी’ हा शब्द मुद्दाम होता. या काळात खेळाला देशाबाहेर नेण्याचे काम ज्यांनी केले त्यांत शंकरराव तथा बुवा साळवी यांचे नाव अग्रभागी आहे. ‘कबड्डी महर्षी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बुवांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत कबड्डी प्रात्यक्षिक म्हणून आणि १९९० च्या बीजिंग स्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून आली.

गिरणगावची रात्रशाळा

कबड्डीचे नियम पुस्तकात बडोद्याला लिहिले गेले असतील, पण ते अंगात मुरले मुंबईच्या गिरणगावात. लालबाग, परळ, नायगाव, वरळी या भागांत गिरणीतली पाळी संपवून आलेले कामगार रात्री दिव्यांच्या उजेडात सामने खेळत. दोन चाळींच्या मधली जागा हेच मैदान, आणि गॅलरीत उभी असलेली चाळ हाच प्रेक्षकवर्ग. चांगला खेळणाऱ्याला पुढे गिरणीत, रेल्वेत, बँकेत नोकरी लागे. पण बहुतेकांच्या वाट्याला यातले काही आले नाही. त्यांनी हौसेखातर खेळून गुडघे फोडून घेतले आणि सकाळी भोंगा वाजला की पुन्हा गिरणीचा दरवाजा गाठला.

असे हौशी खेळणारे केवळ कबड्डीतच होते असे नाही. मुंबईत १९४८ पासून डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने पावसाळी क्रिकेट लीग चालते. ऐन पावसाळ्यात, न झाकलेल्या ओल्या खेळपट्ट्यांवर, आठवडाभर कचेरीत खर्डेघाशी करणारे कारकून आणि कसोटी खेळलेले नामवंत एकाच सामन्यात खेळत. तेथेही पंचाचे बोट वर गेले की बॅट काखेत मारून निघायचे, मग फलंदाज कितीही मोठा असो.

कबड्डीत मुख्य पंचाला मराठीत ‘सरपंच’ म्हणतात, ही मला फार अर्थपूर्ण गोष्ट वाटते. सरपंच, दोन पंच, गुणलेखक आणि त्याचे साहाय्यक असा हा कारभार असतो. गावच्या पारावरचा शब्द आपण मैदानावर आणला, कारण काम तेच आहे. पारावर बसलेल्या पंचांचा निकाल सगळ्यांना पटतोच असे नाही. पण तो निकाल मानला नाही तर उद्या आपल्या बाजूचा निकालही कोणी मानणार नाही, हे प्रत्येकाला ठाऊक असते.

बर्फावरची हीच गोष्ट

आपल्यापैकी काहींची मुले-नातवंडे आज कॅनडात, अमेरिकेत आहेत. तिकडे हिवाळ्यात बर्फावरची हॉकी हा घरोघरचा खेळ. पायात धारदार पात्यांचे बूट, हातात काठी, आणि चेंडूऐवजी रबराची टणक चकती. पूर्वी तो गोठलेल्या तळ्यांवर, वाटेल तितके गडी घेऊन खेळला जाई. ३ मार्च १८७५ रोजी माँट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये, म्हणजे छपराखाली, नऊ-नऊ गड्यांचा एक ठरवून सामना झाला. चेंडू उडून प्रेक्षकांना लागू नये म्हणून लाकडाची चपटी चकती वापरली होती. तरी सामन्यानंतर मारामारी झाली, बाके मोडली आणि प्रेक्षक पांगले, असे वृत्तपत्रांत आले. दोनच वर्षांनी, १८७७ मध्ये, माँट्रियलच्या वृत्तपत्रात या खेळाचे नियम छापले गेले. तेही बहुतांशी इंग्लंडमधल्या मैदानी हॉकीवरून घेतलेले. आधी दंगा, मग नियमावली, हा क्रम सगळीकडे सारखाच दिसतो.

आज तिकडे नोकरदार प्रौढांच्या असंख्य हौशी लीग आहेत. व्यावसायिक बर्फ-हॉकीत प्रतिपक्षाला अंगाने धडक देणे हा खेळाचा भाग मानतात, परंतु या प्रौढांच्या लीगमध्ये तशी धडक बहुतेक ठिकाणी निषिद्ध आहे. कारण साधे आहे. उद्या सकाळी प्रत्येकाला कामावर जायचे आहे. किरकोळ आगळीक केली तर दोन मिनिटे बाजूच्या बंदिस्त बाकावर बसायचे आणि तेवढा वेळ संघाने एक गडी कमी घेऊन खेळायचे. मारामारी केली तर थेट बाहेर, आणि पुष्कळ ठिकाणी पुढचे सामनेही बंद. सामना संपल्यावर दोन्ही संघांनी रांगेने हस्तांदोलन करण्याची त्यांची रीत आहे.

गंमत अशी की आपल्या कबड्डीतही आता तीन रंगांची कार्डे आहेत. हिरवे म्हणजे ताकीद, पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर, लाल म्हणजे घरचा रस्ता. माँट्रियलच्या बर्फावर आणि आपल्या तांबड्या मातीवर शिक्षेचे माप एकच, दोन मिनिटे. राग शांत व्हायला माणसाला साधारण तेवढाच वेळ लागत असावा.

देह सांभाळणारे कलम

कबड्डीचे नियमपुस्तक नीट वाचले तर एक गोष्ट ध्यानात येते. गुण कसे मोजायचे यावर जितका भर आहे, तितकाच भर कोणाला इजा होऊ नये यावर आहे. चढाई करणाऱ्याचा दम मोडण्यासाठी त्याचे तोंड दाबणे किंवा गळा आवळणे हा गुन्हा आहे. त्याला धरायचे ते हातापायांना किंवा धडाला. केस अथवा कपडे धरून ओढायचे नाहीत. पायांची कात्री घालून पाडायचे नाही. मुद्दाम ढकलून रेषेबाहेर काढायचे नाही. नखे बारीक कापलेली हवीत, अंगावर दागिने नकोत, आणि निसटण्यासाठी अंगाला तेल चोपडून यायचे नाही.

यातील प्रत्येक कलमाच्या मागे कोणाचा तरी ओरबाडलेला गाल, मोडलेला गुडघा किंवा कोंडलेला श्वास असणार. कोणी तरी एकदा तसे केले असेल, कोणी तरी जायबंदी झाला असेल, आणि मग जाणत्यांनी बसून ते वाक्य लिहिले असेल. नियमपुस्तकाकडे या दृष्टीने पाहिले की ते रुक्ष वाटत नाही.

दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. कबड्डीत बोटाचा स्पर्श झाला की नाही हे अनेकदा दोघांनाच कळते, ज्याने केला त्याला आणि ज्याला झाला त्याला. धुळीत, गलक्यात, रात्रीच्या अपुऱ्या उजेडात पंचाला ते दिसेलच असे नाही. जो गडी स्वतः हात वर करून मैदानाबाहेर जातो त्याच्याबद्दल जाणते प्रेक्षक मान डोलावतात. पुस्तकात यासाठी गुण नाही. परंतु अशा दोन-चार माणसांमुळे सबंध स्पर्धेचा सूर बदलतो, हे सामने भरवणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारून पाहावे.

हांग्झौ येथील तासभर

नियमांचा घोळ हा फक्त गल्लीतल्या सामन्यांत होतो असे समजू नये. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांग्झौ येथे आशियाई स्पर्धेचा पुरुषांचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात होता. सामना संपायला दोन मिनिटांहून कमी वेळ, गुण २८–२८. भारताचा कर्णधार पवन सेहरावत चढाईला गेला आणि कोणालाही स्पर्श न करता लॉबीत, म्हणजे बाजूच्या राखीव पट्ट्यात गेला. त्याला रोखायला इराणचे गडीही त्याच्या मागे लॉबीत शिरले. जुन्या नियमानुसार स्पर्शाविना लॉबीत गेलेले सगळेच बाद. नव्या नियमानुसार, जो प्रो कबड्डीत रूढ झाला होता, चढाई करणारा एकटाच बाद. मग गुण कोणाला आणि किती?

पंचांनी निर्णय दिला, बदलला, पुन्हा चर्चा झाली. खेळाडू मैदानावर बसून राहिले. सुमारे तासभर सामना थांबला. अखेर भारत ३३–२९ असा जिंकला आणि सुवर्णपदक मिळाले, पण त्या विजयाला वादाची किनार राहिली ती राहिलीच. संजीवनी आणि गामिनी खेळणारी ती दोन गावे, आणि आशियातील सर्वोत्तम दोन संघ, दोघांचे दुखणे एकच. १९२३ मध्ये बडोद्याच्या मंडळींनी जे औषध शोधले ते शंभर वर्षांनी पुन्हा शोधावे लागले.

आपल्या वस्तीतल्या सामन्यांत आज हेच घडते. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि तीस सेकंदांची चढाई, तिसऱ्या रिकाम्या चढाईत ‘करो वा मरो’, तीन किंवा कमी गड्यांनी पकड केल्यास जादा गुण, हे सगळे मुलांच्या तोंडी बसले. तरुण संघ दूरचित्रवाणीचे नियम गृहीत धरतो. चाळिशीतला संघ गावाकडचे जुने नियम गृहीत धरतो. सुरुवातीला कोणी विचारत नाही, आणि शेवटच्या पाच मिनिटांत सगळे विचारतात.

सभेच्या नियमांवरून काय होऊ शकते हे तर सुरतेने प्रत्यक्ष पाहिले आहे. डिसेंबर १९०७ मध्ये येथेच काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्षपदी रासबिहारी घोष यांची निवड होत असताना आपल्याला बोलू द्यावे अशी लोकमान्य टिळकांची मागणी होती, आणि ती परवानगी मिळाली नाही. मग व्यासपीठाकडे जोडा भिरकावला गेला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहतांना लागला. खुर्च्या उडाल्या, अधिवेशन मोडले. दुभंगलेली काँग्रेस एकत्र यायला १९१६ चे लखनौ उजाडावे लागले. मतभेद खोल होतेच. पण कोणी कधी बोलावे यावर दोन्ही पक्षांचा विश्वास उरला नाही, तेव्हा त्या मतभेदांना सभेत जागाच राहिली नाही. त्या मोठ्या माणसांची ही स्थिती, तर आपल्या कबड्डीच्या मैदानाने सावध राहिलेले बरे.

आपल्या मैदानासाठी

या सगळ्या इतिहासातून आपल्यासारख्या मंडळांना घेण्याजोगे काय आहे? माझ्या मते थोड्याच गोष्टी, पण त्या सामन्याच्या आधी करण्याच्या आहेत.

पहिली, नियम एका कागदावर लिहून नोंदणीच्या वेळीच प्रत्येक संघनायकाला द्यावेत आणि त्याची सही घ्यावी. मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत तो कागद असावा, कारण आपल्या मैदानावर आता ओडिया आणि उत्तर भारतीय कामगार बांधवही उतरतात. लॉबी, बोनस रेषा, तिसरी चढाई या तीन कलमांखाली जाड रेघ ओढावी. बहुतेक वाद तेथेच होतात.

दुसरी, सरपंच वस्तीबाहेरचा असावा आणि त्याच्या निर्णयावर फक्त संघनायकाने बोलावे. बाकीच्या सहा जणांनी, आणि मैदानाबाहेरच्या साठ जणांनी नव्हे.

तिसरी, दोन मिनिटांची शिक्षा खरोखर अमलात आणावी. आपल्याकडे ताकीद देतात, मग पुन्हा ताकीद देतात, आणि एकदम संघच बाद करतात. मधली पायरी वापरली तर शेवटची पायरी क्वचितच लागते.

चौथी, शाळकरी मुले आणि पूर्ण वाढलेले पुरुष एकत्र खेळवू नयेत. वजनाचे गट करावेत. मैदानाची माती आदल्या दिवशी चाळून खडे, काचा काढाव्यात. प्रथमोपचाराची पेटी आणि रुग्णालयात नेण्यासाठी एक वाहन तयार ठेवावे. आरासीवरच्या खर्चातील अगदी थोडा वाटा यासाठी पुरतो.

पाचवी, सामना संपल्यावर दोन्ही संघांनी बाप्पासमोर एकत्र उभे राहून आरती करावी. हरलेल्या संघाच्या नायकाला आरतीचे तबक द्यावे. जिंकलेल्याला चषक मिळालेलाच असतो.

हे सुचवताना कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. परगावी येऊन, बारा-बारा तासांच्या पाळ्या सांभाळून, वर्गणी गोळा करून जे कार्यकर्ते सामने भरवतात त्यांचे ऋण मोठे आहे. त्यांच्यावरच नियमांचे ओझे टाकून आपण खेळाडू आणि प्रेक्षक मोकळे होऊ नये, एवढेच सांगायचे आहे. बडोद्याच्या जिमखान्याने नियम छापले, ते पाळण्याचे काम मात्र प्रत्येक मैदानावर प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते. मध्यरेषा चुन्याने आखलेली असते, पायाने सहज पुसली जाते. ती टिकते, कारण दोन्ही बाजूंचे चौदा जण तिला मानतात.

ज्या घरचा कर्ता पुरुष संध्याकाळी कबड्डी खेळायला जातो, त्या घराला तो धडधाकट परत हवा असतो. सकाळच्या पाळीला तो मागावर उभा राहिला पाहिजे, आणि शेजारच्या गल्लीतला प्रतिस्पर्धी चहाच्या टपरीवर भेटला तर दोघांनी एका बाकावर बसून चहा प्यायला पाहिजे. हौशी खेळाचे यश मोजायचे तर ते या मापाने मोजावे.

विघ्नहर्ता श्रीगणेश आपल्या सर्वांच्या खेळाला, कामाला आणि घराला सांभाळो. गणपती बाप्पा मोरया!